साहेब बदलतात, कागदावरचं नाव तेच राहतं: कंप्लायन्सच्या वार्षिक कंत्राटाची पारख

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भे ते थेट तळोज्यापर्यंत परदेशी मालकीच्या बहुतेक कारखान्यांत ईएचएसच्या (पर्यावरण, आरोग्य व सुरक्षा विभागाच्या) बजेटमध्ये एक ओळ असते: ‘स्टॅच्युटरी कंप्लायन्स रिटेनर’, म्हणजे कायदेपालनाची कामं बाहेरून करून घेण्याचा खर्च. बाहेरची एखादी संस्था वर्षभरासाठी कंत्राट घेते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट (संमतीपत्र), घातक कचऱ्याचे फॉर्म, प्रयोगशाळेचे अहवाल, डिशची (औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची) कागदपत्रं आणि ईपीआरची (आपल्या मालाच्या कचऱ्याबद्दल उत्पादकावर असलेल्या जबाबदारीची) पोर्टलं ती सांभाळते, शिवाय दर महिन्याला लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचा तक्ता पाठवते. ही पारख त्या सेवेची आहे. एखाद्या विशिष्ट संस्थेबद्दल इथे काही म्हणायचं नाही. या पट्ट्यात ही सेवा ज्या रूपात विकली जाते, ते रूप तपासायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. तारखा सांभाळण्यात ही सेवा चोख आहे, आणि तेवढ्यावरही तिचे पैसे वसूल होतात. नावं सांभाळण्यात ती कच्ची आहे. कंपनीची वरची माणसं बदलतात त्या दोन-तीन महिन्यांत तिची खरी गरज असते आणि नेमकी तेव्हाच ती तोकडी पडते. कंत्राटाच्या मसुद्यात हे कामच धरलेलं नसतं, म्हणून असं होतं. मसुदा सुधारता येतो, आणि कसा ते पुढे येईलच.

आधी हा प्रश्न परदेशी कंपनीतच जास्त का येतो ते पाहू. मुख्यालयात सर्वोच्च पद बदललं की आशियाचा प्रमुख बदलतो, मग भारताचा एमडी, मग कारखान्याचा प्रमुख. त्याच सुमारास तिकडे एखादं कायदेशीर प्रकरण चालू असेल तर ही साखळी आणखी वेगाने हलते. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं उत्सर्जन लपवणारं सॉफ्टवेअर सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं आणि काही दिवसांतच प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांना पद सोडावं लागलं. थ्रीएमने डिसेंबर २०२२ मध्ये पीएफएएस या सहजी न विघटणाऱ्या रसायनांचं उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याची घोषणा केली, जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांशी किमान १०.३ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर केली, आणि १ मे २०२४ रोजी माइक रोमन यांच्या जागी विल्यम ब्राउन प्रमुख झाले. या दोन्ही घटना तिकडच्या. पण मुख्यालयात असं काही घडलं की जगभरातल्या प्रत्येक कारखान्याला ईमेल येते: तुमच्याकडचे परवाने, नोटिसा, चालू खटले आणि दंड यांची यादी दहा दिवसांत पाठवा. महाप्यातल्या ईएचएस अधिकाऱ्याच्या टेबलावरही ती येते. त्याच आठवड्यात त्याचा स्वतःचा साहेब खोकी भरत असतो.

आता नावांचा भाग. सगळ्यात जास्त बोलायचं ते याच्याबद्दल.

कायद्याच्या दृष्टीने कारखान्याच्या मागे एक हाडामांसाचा माणूस असावा लागतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कंपनीचा ऑक्युपायर, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेला आणि कायद्याला उत्तर देणारा माणूस, हा संचालकांपैकीच एक असेल असं ठरलं. त्याआधी एखाद्या अधिकाऱ्याचं नाव पुढे करून संचालक मोकळे राहू शकत. जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दार कायमचं बंद केलं: संचालक नसलेल्या अधिकाऱ्याला कंपनीचा ऑक्युपायर म्हणून नेमता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. गाभा तोच राहिला, फक्त स्वतंत्र संचालकाला त्यातून वगळलं गेलं. सल्लागाराच्या तक्त्यात अजून जुनीच कलमं असतील तर तो तक्ता वर्षभर कुणी उघडलेला नाही असं समजा.

याचा व्यवहारातला अर्थ असा. संचालक राजीनामा देतो त्या दिवशी ऑक्युपायरची जागा रिकामी होते. फॅक्टरी मॅनेजर गेला तर जुन्या कायद्याच्या कलम ७ नुसार नव्याने कामाची सूत्रं घेतल्यापासून सात दिवसांत निरीक्षकाला कळवायचं असे, आणि मधल्या काळात मॅनेजरसारखा वागणारा माणूस मॅनेजर मानला जाई. तसा कुणी नसेल तर खुद्द ऑक्युपायरच मॅनेजर ठरे. सात दिवसांची ही शिस्त नव्या व्यवस्थेतही पाळावी. अपघात झाला तर रिकाम्या जागेच्या काळातलं उत्तर कोण देणार, हा प्रश्न कायदा कुठलाही असला तरी उभा राहतोच.

नाव बदलण्याचं काम ज्या क्रमाने व्हायला हवं तो क्रम असा. पहिलं, संचालक मंडळाचा ठराव. त्यात जुन्या ऑक्युपायरची शेवटची तारीख आणि नव्याची पहिली तारीख, दोन्ही स्पष्ट लिहा आणि मध्ये एका दिवसाचंही अंतर ठेवू नका. दुसरं, संचालक बदलल्याचा डीआयआर-१२ फॉर्म कंपनी निबंधकाकडे तीस दिवसांत भरा. तिसरं, डिशकडे ऑक्युपायर आणि मॅनेजरच्या नावातला बदल, सोबत ठरावाची प्रत आणि नव्या माणसाची सही केलेली संमती. चौथं, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला पत्र: यापुढे कंपनीतर्फे पत्रव्यवहार कोण करणार, सही कोणाची चालणार. त्या पत्राची पोच शिक्क्यासह फाइलला लावा. नवी मुंबईचं प्रादेशिक कार्यालय सीबीडी बेलापूरच्या रायगड भवनात आहे. पोच घेण्यासाठी माणूस पाठवायला अर्धा दिवस पुरतो. पाचवं, सांडपाणी जिथे जातं त्या सीईटीपीला (सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) आणि घातक कचरा जिथे जातो त्या तळोज्याच्या केंद्राला सभासदत्वाच्या नोंदीत बदल करायला सांगा. ज्वलनशील द्रावणांची साठवण असेल तर पेसोच्या (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेच्या) परवान्यावरची नावंही तपासा. सहावं आणि सगळ्यात दुर्लक्षित, पोर्टलांवरचे मोबाइल आणि ईमेल.

या सहाव्या पायरीवर सगळ्यात जास्त घोळ होतो. कन्सेंटचं लॉगिन, प्लास्टिक ईपीआरचं लॉगिन, ई-कचऱ्याचं, बॅटरीचं, वापरलेल्या तेलाचं: प्रत्येक ठिकाणी ओटीपी कुठल्या ना कुठल्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल बहुतेकदा तीन वर्षांपूर्वीच्या ईएचएस प्रमुखाचा असतो, नाही तर सल्लागाराचा स्वतःचा. दुसरा प्रकार जास्त घातक आहे, कारण कंत्राट संपवायचं म्हटलं की कंपनीच्या परवान्यांच्या किल्ल्या सल्लागाराच्या खिशात असतात. उपाय साधा आहे. कंपनीच्या नावाचं एक सिमकार्ड घ्या, पदाच्या नावाचा एक ईमेल पत्ता काढा, आणि सगळी लॉगिनं त्यावर आणा. माणूस बदलला तरी नंबर बदलायला नको.

ज्या कारखान्यांत ऑनलाइन मॉनिटरिंगची यंत्रणा, म्हणजे ओसीईएमएस आहे, तिथे हाच घोळ आणखी महागात पडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ च्या निर्देशानुसार अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना ही यंत्रणा बंधनकारक केली. मर्यादा ओलांडली किंवा डेटा येणं थांबलं की नोंदलेल्या मोबाइलवर एसएमएस जातो. तो मोबाइल पुण्याला बदली झालेल्या साहेबांचा असेल तर कारखान्यात कुणालाच पत्ता नसतो. सीओडीच्या (सांडपाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) सेन्सरवर शेवाळ आणि चिकट थर बसला की आकडा हळूहळू चढतो, किंवा एका जागी अडकून सरळ रेषा काढत राहतो. दोन्हींतून मंडळाला शंका येते. वार्षिक कंत्राटात सेन्सरची साफसफाई आणि कॅलिब्रेशन धरलेलं आहे का ते विचारा. बहुतेक ठिकाणी ते यंत्र विकणाऱ्याकडे असतं आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

परदेशी नागरिकाला ऑक्युपायर करावं का, हा प्रश्न दर वेळी निघतो. आमचं स्पष्ट मत आहे: करू नये. कंपनी कायद्याच्या कलम १४९(३) नुसार किमान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस तरी भारतात राहणारा असावाच लागतो. तोच ऑक्युपायर असलेला बरा. सही, डिजिटल प्रमाणपत्र, निरीक्षकापुढची सुनावणी, न्यायालयातली हजेरी या सगळ्यांसाठी माणूस इथे हवा. शिवाय परदेशी संचालकाच्या पासपोर्टची प्रत नोटरी आणि अपोस्टिल होऊन येईपर्यंत आठवडे जातात. मुख्यालयाच्या घोषणेत त्याचं नाव झळकतं, पण इथल्या कंपनी निबंधकाच्या नोंदीत तो अजून संचालकच झालेला नसतो. तशा काळात त्याच्या सहीने डिशला अर्ज गेला तर तो परत येतो, आणि तोवर जुन्याचा राजीनामा लागू झालेला असतो.

कायदेशीर जोखमीसाठी सल्लागार देतो ते ‘लीगल रजिस्टर’. चारशे-पाचशे ओळींचं एक्सेल, प्रत्येक ओळीत एक कलम, समोर ‘कंप्लाइड’. त्याची किंमत शेवटच्या दोन रकान्यांवर ठरते: पुरावा कुठे आहे, आणि जबाबदार व्यक्ती कोण. पुराव्याच्या रकान्यात फाइलचं नाव आणि पान नसेल तर ती ओळ कोरी समजा. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात ‘प्लांट हेड’ असं पद लिहून चालत नाही. नाव आणि कोणत्या तारखेपासून ते हवं. पाणी कायद्याचं कलम ४७ आणि हवा कायद्याचं कलम ४० कंपनीच्या गुन्ह्याबद्दल बोलतात, तेव्हा ते गुन्हा घडला त्या वेळी प्रभारी कोण होतं हे विचारतात. म्हणून सूत्रं दिल्या-घेतल्याची तारीख हा अख्ख्या रजिस्टरमधला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. येणारा आणि जाणारा, दोघांच्या सह्या असलेलं दोन पानी हस्तांतरणपत्र करा. त्यात त्या दिवशीची ईटीपीची (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया संयंत्राची) स्थिती, आवारात पडून असलेला घातक कचरा किलोंमध्ये, उघड्या नोटिसा, कन्सेंटच्या अटींपैकी अपुऱ्या अटी आणि मंडळाकडे दिलेल्या जिवंत बँक गॅरंट्या लिहा. जाणाऱ्याला संरक्षण मिळतं, येणाऱ्याला काय अंगावर आलं ते कळतं. हे दोन पानांचं काम कंत्राटात लिहिलेलं आम्हाला फार क्वचित दिसलं.

हे नाव प्रकरण किती लांब जाऊ शकतं ते भोपाळने दाखवलं आहे. डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेबद्दल ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने युनियन कार्बाइड इंडियाच्या ज्या अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं त्यांत कंपनीचे बिगर-कार्यकारी अध्यक्ष केशुब महिंद्रही होते. पंचवीस वर्षांनंतर.

दंडाचं गणित बदललं आहे आणि रजिस्टरमध्ये ते बदललेलं हवं. जनविश्वास कायद्यानंतर, १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली कैदेऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. हे ऐकून काही संचालक निर्धास्त होतात. होऊ नये. खरा बोजा पर्यावरण भरपाईचा आहे. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात पाच गोष्टींचा गुणाकार होतो: उद्योगाच्या प्रदूषण निर्देशांकाचा आकडा, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि जागेचा गुणक. लाल (सर्वाधिक प्रदूषक) श्रेणीला ८०, रुपयांचा गुणक साधारण २५०, मोठ्या उद्योगाला दीड, आणि दहा ते पन्नास लाख लोकवस्तीच्या शहराला सव्वा. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई अकरा लाखांवर होती, म्हणजे सव्वाच. गुणाकार केला की दिवसाला ३७,५०० रुपये. तीस दिवस ईटीपी नीट चालला नाही तर सव्वाअकरा लाख. उल्लंघन कधी संपलं हे सिद्ध करणं कारखान्याचं काम, म्हणून दुरुस्ती झाली त्या दिवशीच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून नमुना घेऊन अहवाल मंडळाला पाठवायचा. पत्र आठवडाभर उशिरा गेलं तर तो आठवडाही मोजला जाण्याचा धोका राहतो. मंडळांना अशी भरपाई लावण्याचा अधिकार आहे, हे ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं आहे.

नोटिशीच्या उत्तराबाबत सेवा बरी आहे. मसुदे तयार असतात, भाषा सांभाळून लिहिलेली असते. पण पाणी कायद्याच्या कलम ३३अ खाली क्लोजरचा, म्हणजे कारखाना बंद करण्याचा, आदेश आला की एमआयडीसी पाणी तोडते आणि महावितरण वीज. तेव्हा टाक्यांत भरलेलं सांडपाणी तसंच सडत राहतं. प्रस्तावित निर्देशाच्या (आदेशाआधीच्या नोटिशीच्या) उत्तरातच ईटीपी आणि अग्निशमन पंपापुरती वीज चालू ठेवण्याची विनंती करायला हवी, आणि तयार मसुद्यांत ती नसते. कन्सेंट नाकारलं गेलं किंवा जाचक अटी घातल्या गेल्या तर त्याच कायद्याच्या कलम २८ खाली अपील करायला तीस दिवस मिळतात. पुढे हरित न्यायाधिकरण, ज्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसतं. तीस दिवस आदेश हाती पडल्यापासून मोजतात. आदेश जुन्या साहेबांच्या ईमेलवर पडून असला तरी घड्याळ थांबत नाही.

आता चांगल्या बाजूकडे. घातक कचऱ्याच्या कामात या पट्ट्यातल्या संस्था खरोखर तयार आहेत. २०१६ च्या नियमांखाली कचरा आवारात नव्वद दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, पिंपावर फॉर्म ८ चं लेबल, गाडीसोबत फॉर्म ९ चं कार्ड आणि फॉर्म १० चा सात प्रतींचा मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीचा दस्तऐवज). पांढरी प्रत मंडळाला, पिवळी आपल्याकडे, आणि निळी कचरा पोचल्यावर केंद्राकडून परत आपल्याकडे यायची. निळी आली नाही तर कचरा कुठे गेला याचा पुरावा आपल्याकडे नसतो. चांगली संस्था महिनाअखेर पिवळ्या आणि निळ्या प्रती जुळवते. हे काम ती करते का, एवढ्या एका प्रश्नावरून तिची पत ओळखता येईल.

एक चूक मात्र सगळीकडे सापडते आणि ती फिल्टर प्रेसमध्ये, म्हणजे गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रात, आहे. समजा ईटीपीत दिवसाला ६० किलो कोरडे घनपदार्थ तयार होतात. प्रेस नीट चालला आणि केकमध्ये (दाबलेल्या गाळात) ३० टक्के घन राहिलं तर केक २०० किलो, महिन्याला सहा टन. कापडं जुनी झाली, दाब कमी पडला आणि घन २० टक्क्यांवर आलं की तोच केक ३०० किलो होतो, महिन्याला नऊ टन. कन्सेंटमध्ये ३५.३ या (सांडपाणी प्रक्रियेतल्या गाळाच्या) वर्गाखाली सहा टनच मंजूर असतील तर तीन टन बेकायदेशीर ठरतात. उत्पादन वाढलेलं नाही, प्रक्रिया बदललेली नाही, फक्त पाणी वाढलं. सल्लागार अशा वेळी कन्सेंटमध्ये वाढीव परिमाणाचा अर्ज करायला सांगतो. खरं तर फिल्टरची कापडं बदलायला हवीत. कागदाचं कंत्राट घेणारा माणूस शेडमध्ये जाऊन केक हातात घेऊन बघत नाही, हा या सेवेचा मूळ दोष आहे. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष फेरी आणि तिचा फोटोसह अहवाल कंत्राटात लिहून घ्या.

पाण्याचंही तसंच. कन्सेंटमध्ये पाणीवापर आणि सांडपाणी सीएमडीमध्ये (दिवसाला घनमीटर) दिलेलं असतं. घरगुती, प्रक्रिया, बॉयलर-कूलिंग असं वेगळं. तपासणीला आलेला अधिकारी एमआयडीसीचं पाण्याचं बिल मागतो आणि आकडे ताडून बघतो. बिलात रोजचे १२० घनमीटर आणि कन्सेंटमध्ये ९० असतील तर बाकी कागद कितीही हिरवे असोत, उपयोग नाही. मर्यादांचा तक्ता सल्लागार केंद्राच्या सर्वसाधारण मानकांवरून घेतो: पीएच ५.५ ते ९, बीओडी ३०, सीओडी २५०, तरंगते घन १००, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम प्रतिलिटर. तुमच्या कन्सेंटमध्ये याहून कडक आकडा असेल तर तोच लागू. सीईटीपीत जाणाऱ्या पाण्याला वेगळी मानकं असू शकतात. या पट्ट्यातलं बरंच पाणी शेवटी ठाणे खाडीला मिळतं. तिथे २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत नाव गेलं. खाडीकाठच्या कोळीवाड्यांतले लोक या पाण्याचा रंग रोज बघतात, त्यांची तक्रार गेली की मंडळाचा अधिकारी जेव्हीएस (संयुक्त तपासणीचा) नमुना घ्यायला येतो. तेव्हा ‘सॅम्पल आमच्या माणसासमोर घेतलं का, दुसरा भाग सीलबंद ठेवला का’ हे विचारणारा माणूस गेटवर हवा. त्याचंही नाव ठरलेलं असावं, तिन्ही पाळ्यांसाठी.

आकड्यांची आणखी एक जुळणी. घातक कचऱ्याचा वार्षिक अहवाल फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरण फॉर्म ५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत, आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजारांत असेल तर सेबीचा बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांचा अहवाल) वार्षिक अहवालासोबत. तिन्हींत कचऱ्याचे टन एकच असायला हवेत. पहिले दोन कारखान्यात बनतात, तिसरा मुख्य कार्यालयात, आणि तिसऱ्यात मुख्यालयाच्या सॉफ्टवेअरमधला आकडा येतो. कुणीही बाहेरचा माणूस हे शेजारी ठेवून बघू शकतो. नवे प्रमुख आले की नव्या घोषणांसाठी बीआरएसआर चकचकीत होतो, म्हणून त्या वर्षी ही जुळणी दोनदा करावी.

विकणारे तीन प्रकारचे. पहिला, एकट्याने काम करणारा अनुभवी माणूस, बहुतेकदा निवृत्त अधिकारी. कन्सेंटच्या अर्जातल्या बारकाव्यांत याला तोड नाही: भांडवली गुंतवणुकीचं सीए प्रमाणपत्र ताळेबंदातल्या ग्रॉस ब्लॉकशी (घसारा वजा करण्याआधीच्या मालमत्तेशी) जुळतं का, फी त्यावर बरोबर निघते का, परिशिष्ट ३ मधल्या बँक गॅरंटीची मुदत कन्सेंटच्या मुदतीपुढे जाते का. पण तो आजारी पडला की सेवा बंद. दुसरा प्रकार प्रयोगशाळेला जोडलेल्या संस्थेचा. नमुने वेळेवर, अहवाल वेळेवर. मात्र स्वतःच तपासलेल्या पाण्याबद्दल स्वतःच सल्ला देते, तेव्हा वर्षातून दोनदा दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच नमुना दुभागून पाठवावा. तिसरा, मुख्यालयाने जगभरासाठी घेतलेलं सॉफ्टवेअर. केंद्रीय कायदे त्यात छान भरलेले असतात, पण महाराष्ट्राच्या कन्सेंटमधल्या परिशिष्ट १ ते ४ च्या अटी त्यात नसतात, आणि आपल्याला बांधून ठेवतात त्या नेमक्या त्याच. मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्याने पहिला आणि तिसरा मिळून घ्यावा, असं आमचं मत. केवळ इंजिनीअरिंगचं काम असेल तर दुसरा पुरेसा आहे.

पैशाबद्दल एकच गोष्ट, पण ती गंभीर. वार्षिक रक्कम, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि सरकारी फी प्रत्यक्ष पावतीनुसार: एवढंच असावं. ‘इतर खर्च’, ‘फॉलोअप’, ‘लायझनिंग’ अशी मोघम ओळ आली तर सही करू नका. सल्लागाराने कुठे पाकीट दिलं तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर ते कंपनीच्या अंगावर येतं, आणि पालक कंपनी अमेरिकी असेल तर १९७७ चा तिकडचा लाचविरोधी कायदा, ब्रिटिश असेल तर २०१० चा ब्राइबरी ॲक्ट लागतो. मध्यस्थामार्फत दिलं हा बचाव होत नाही. मुख्यालयात प्रमुख बदलले की जुन्या खर्चाचं ऑडिट हमखास होतं आणि ही ओळ सगळ्यात आधी वर येते. चार आठवडे उशिराने मिळालेलं कन्सेंट परवडतं. पाणी कायद्यात पूर्ण अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर कन्सेंट मिळाल्याचं मानलं जातं, म्हणून मुदत संपायच्या चार महिन्यांहून आधी अर्ज टाका आणि ‘पूर्ण अर्ज’ असल्याची पोच जपा. घाईच उरत नाही.

कंत्राट नव्याने करताना मसुद्यात घालायची कलमं: ऑक्युपायर, मॅनेजर किंवा अधिकृत सहीदार बदलल्यास सर्व ठिकाणच्या नोंदी पंधरा दिवसांत, मॅनेजरची सात दिवसांत, सर्व लॉगिनं कंपनीच्या मोबाइल-ईमेलवर, कंत्राट संपल्यावर सात दिवसांत मूळ फाइली परत, मासिक प्रत्यक्ष फेरी, मॅनिफेस्टची मासिक जुळणी, आणि कंपनी सचिवाने संचालक मंडळाच्या बैठकीचा विषय ठरला की त्याच दिवशी सल्लागाराला कळवणं. शेवटचं कलम आपल्यावर बंधनकारक आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तेच तुटतं: कंपनी सचिव मुंबईत बसतो, ईएचएस तुर्भ्यात, आणि संचालकाचा राजीनामा कारखान्याला बातमीतून कळतो.

सही करण्याआधी त्या संस्थेला एक चाचणी द्या. ‘आज ऑक्युपायरने राजीनामा दिला असं धरा. आमचं सध्याचं कन्सेंट, डिशची नोंदणी, बँक गॅरंटी आणि पाचही पोर्टलं यांवर कुणाकुणाची नावं, कुठले मोबाइल आहेत त्याची यादी संध्याकाळपर्यंत द्या.’ यादी आली की त्यातला प्रत्येक नंबर लावून बघा, आणि कोण उचलतं ते समोर लिहा.